मापाची मुलगी

शिंपी म्हणाला, "हात जरा वर घ्या," आणि तिनं दोन्ही हात वर घेतले, आणि मग ती सावकाश स्वतःभोवती फिरू लागली. आपण फिरतोय हे तिला आधी कळलंच नाही. आरशातून दुकानाचं दार सरकत गेलं, मग कापडाचे गठ्ठे, मग इस्त्रीचं टेबल आणि त्यावरची वाफ, मग पुन्हा आरसा आणि आरशात हात पसरून उभी असलेली, केस पिकलेली एक बाई. शिंपी टेप हातात धरून, टाचण्या ओठांत धरून तसाच थांबला होता. त्यानं एकेक टाचणी काढून मनगटावरच्या उशीत खोचली. "बाई," तो म्हणाला, "मापं घेताना मी तुमच्याभोवती फिरायचं असतं. तुम्हीच फिरायला लागलात तर मी काय माशा मारू?" इस्त्री करणारी बाई हसली. तीही हसली. हात मात्र खाली येईनात. ते कुणी तरी 'बस्स' म्हणण्याची वाट बघत होते.

कोट रविवारसाठी हवा होता. आई जाऊन महिना होत आला होता आणि रविवारी चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ उपासना होती. उभा जन्म परदेशात मुलींची शाळा चालवलेल्या बाईची उपासना म्हटल्यावर दुरून दुरून मंडळी येणार. तेव्हा तो खाकेत विटलेला कोट घालून उभी राहू नकोस, असं मावशीनं फोनवर बजावलं होतं. लोक नाव आईचं घेतील आणि बघतील तुझ्याकडे, मावशी म्हणाली. ते खरंच होतं. लोक नाव आईचं घेत आणि बघत तिच्याकडे, हे तर ती नऊ वर्षांची असल्यापासून चाललं होतं. दुकानातून बाहेर पडून ती ऑफिसकडे चालू लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण पावलं जपून टाकतोय, पायात लांब काहीतरी अडकेल अशी. ती विमा कंपनीत होती. कोणत्या वयाचं माणूस साधारण किती जगेल याचे आकडे बसवायचं तिचं काम. तिथले तरुण लोक यंत्रावर हिशेब करत आणि मग ते बरोबर आहेत का हे तिला तोंडी विचारून घेत. त्या दुपारी तिनं तीन तक्ते तपासले. चौथ्याला तिच्या डोळ्यांपुढे आकड्यांऐवजी माना वर केलेल्या माणसांच्या रांगा आल्या, आणि लाकडी व्यासपीठाची, मेणाचा वास येणारी फळी.

मिशनची पद्धत अशी होती की बाहेर कामावर असलेल्या माणसानं दर पाच वर्षांनी एक वर्ष घरी यायचं, आणि ते वर्ष घरी न राहता मंडळ्यांमधून हिंडायचं. आज हे गाव, उद्या ते. तिकडच्या कामाची चित्रं पडद्यावर दाखवायची, तिकडचे लोक काय खातात, कसे राहतात, काय गातात हे सांगायचं, प्रार्थना मागायच्या. आणि ज्यांना मूल असेल त्यांनी त्या मुलाला तिकडचा पोशाख घालून शेजारी उभं करायचं, म्हणजे मंडळींना प्रत्यक्ष दिसे. ती चार वर्षांची असताना आई तिला मावशीकडे ठेवून कामावर निघून गेली होती. वडील त्याआधीच वारलेले. आईला देवानं बोलावलं, पण बोलावताना मुलीचं काय ते काही सांगितलेलं दिसत नाही, असं मावशीचा नवरा एकदा जेवताना म्हणाला होता, आणि मावशीनं त्या दिवशी त्याला दुसऱ्यांदा काही वाढलं नव्हतं. तर ती नऊ वर्षांची असताना आई पहिल्यांदा परत आली. तिला आई आठवत होती ती कमरेपर्यंतची. वरची आई तिनं त्या दिवशी स्टेशनवर नव्यानं पाहिली. तिसऱ्या दिवशी आईनं पेटीतून तो पोशाख काढला. जाड, खरखरीत, घोट्यापर्यंतचा झगा, छातीवर लाल दोऱ्यांच्या ओळी, आणि डोक्याला गुंडाळायचं एक फडकं, ते कानांवरून घट्ट आवळून मानेमागे बांधायचं. कपड्याला धुराचा आणि कुठल्या तरी कडू साबणाचा वास होता. तो आपल्या आईचा वास असेल असं धरून चालून तिनं तो खोल ओढून घेतला.

मग गावोगाव ती त्या फळीवर उभी राहिली. पडद्यावरची चित्रं संपली, दिवे लागले की आई तिच्या खांद्याला बोट लावी. तो इशारा. हात पसरायचे, म्हणजे बाह्यांचं विणकाम दिसेल. मग सावकाश फिरायचं. "पाठही दिसू दे मंडळींना," आई हळूच म्हणे. कानांवर फडकं असल्यामुळे आईचं सगळं बोलणं तिला पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येई. माझ्या मुली, आई सांगत असे, माझ्या मुली किती लांबून चालत येतात. माझ्या मुलींना पाटी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. माझी एक मुलगी इतकी लाजाळू की वर्षभर टेबलाखाली बसून शिकली. मंडळी हळहळत. तीही हळहळे. त्या टेबलाखालच्या मुलीवर तिनं रात्री पांघरुणात बराच विचार केला होता.

एका गावी उपासनेनंतर एक बाई फळीजवळ आली. जाडजूड, चेहऱ्यानं मायाळू, हातात पर्स. पर्समधून तिनं एक गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि आपण परक्या माणसाशी बोलतो तसं, शब्द तोडून, मोठ्यानं विचारलं, "तुला—आईची—आठवण—येते?" आई तिथंच, हातभर अंतरावर, चित्रांच्या काचा कापसात गुंडाळून पेटीत ठेवत होती. आईनं मान वर केली. "तिला आपली भाषा कळते," आई म्हणाली. एवढंच. आणि पुन्हा काच उचलली. ती बाई सुखावली. "शिकवलीत वाटतं! गुणाची आहे," ती म्हणाली, आणि तिच्या गालावर हात ठेवून, "रडायचं नाही हं. आता ह्याच तुझ्या आई." तिनं मान डोलावली. गोळी तोंडात घातली. आई काही तरी बोलेल म्हणून तिनं ती न चघळता गालात धरून ठेवली, आणि ती विरघळून संपली तोवर सगळ्या काचा पेटीत गेल्या होत्या.

आईला ती चूक सुधारता आली असती. इतकी वर्षं ती त्या एका वाक्याची निरनिराळी कारणं शोधत आली होती. आई थकली होती. त्या बाईला ओशाळं करायचं नव्हतं. किंवा, आणि हे कारण ती शेवटी ठेवत असे, आईला त्यात चूक अशी वाटलीच नव्हती. आईनं आपल्याला एकदा तरी, कुणाची तरी बदली म्हणून नव्हे, आपण म्हणून पाहिलं होतं का? तिला आयुष्यात एवढंच हवं होतं. बाकी सगळं, नोकरी, घर, एक लग्न आणि त्याचा बिनभांडणाचा शेवट, तिनं त्या प्रश्नाच्या कडेकडेनं उरकून घेतलं होतं.

मिशनची आणखी एक रीत होती. बाहेर कामावर असलेल्या माणसाला घरून वाईट कळवायचं नाही. पत्र पोचायला महिना लागे. इथला ताप उतरून मूल खेळायला लागे तेव्हा तिथं तापाची बातमी पोचे आणि कामावरचं मन उडे. म्हणून मावशी नेमानं लिही: सर्व कुशल, मुलगी गुणी आहे, काही त्रास नाही. तिला गोवर आला तेव्हा मुलगी गुणी होती. ती शेजारच्यांच्या काचा फोडून दोन दिवस माळ्यावर लपली तेव्हाही काही त्रास नव्हता. मावशीनं चोप चोप चोपलं आणि त्याच हातानं कुशल लिहिलं. खाली तिच्यासाठी दोन बोटं जागा सोडलेली असे. मीही बरी आहे, ती लिही.

चौदाव्या वर्षी आई दुसऱ्यांदा आली तेव्हा पेटीत नवा झगा होता. तो तिला नेमका बसला. खांद्याला, छातीला, जिथं त्या वर्षी सगळंच बदललं होतं तिथंसुद्धा. मावशीनं शिवलेले कपडे एवढे कधी बसत नसत. तुला माझं माप कसं कळलं, तिनं विचारलं. आई मानेमागची गाठ बांधत होती. "तुझ्याएवढी एक आहे तिकडे," आई म्हणाली. "तिच्या मापानं शिवला." त्या दिवसापासून मापाची तिच्या घरात राहायला आली. मनातल्या मनात ती तिला मापाचीच म्हणे. ती उंच झाली की मापाची तिकडे उंच होई. तिचा गुडघा खरचटला की तिला वाटे, तिकडे कुणी तरी गुडघ्याकडे बघत असेल. आरशापुढे केस विंचरताना ती मागं वळून बघे, कारण मापाची नेमकी मागं उभी राहिली तर आरशात दिसणार नाही, दोघी सारख्याच मापाच्या, पुरती झाकली जाईल. पुढच्या खेपेला ती वसतिगृहात होती आणि परीक्षा आडवी आली. ती आडवी येईल अशी तिनं व्यवस्था केली होती. झगा मग कुणी घातला नाही.

आई कायमची परत आली ती म्हातारी होऊन. दोघी एका घरात राहू लागल्या, चांगल्या वळणाच्या भाडेकरूंसारख्या. न्हाणीघर कुणी आधी वापरायचं यावरून एकमेकींना आग्रह होई. आई अजून न्याहारी, पुष्कळ, मुळीच असं बोले. ती परदेशी गेली तेव्हा इथं चालू होती ती भाषा तिनं तशीच घडी करून परत आणली होती. मग आईचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग वार, मग घर. एका संध्याकाळी ती ऑफिसातून आली तर आई खिडकीशी बसली होती. आईनं तिच्याकडे पाहिलं, तिच्या पिकल्या केसांकडे, हातातल्या पिशवीकडे, आणि शाळेतल्या नव्या मुलीशी बोलावं तशा मऊ, सरावाच्या आवाजात म्हणाली, "रडू नकोस. तुझी आई येईल हं." त्यानंतर हे रोजचंच झालं. ती विचारी, कधी येईल? आई म्हणे, कामं आटोपली की येईल. काय कामं आहेत तिला? पुष्कळ आहेत, आई म्हणे, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवी. तो हात तिनं कधी थांबवला नाही. लहानपणी न मिळालेलं आता मिळतंय तर कुणाच्या नावचं आहे हे बघू नये, असं तिनं ठरवलं होतं. पण ती बघतच राहिली.

शेवटच्या दिवसांत त्या आवाजात एक हाक आली. मुंगी. मुंगे, इकडे ये. मुंगे, पाणी दे. ही कोण ते विचारायची गरज नव्हती. घरात तिसरं कोण राहत होतं ते तिला ठाऊक होतं. आणि अखेरच्या सकाळी, ती पलंगाजवळ उभी राहून औषध चमच्यात ओतत असताना, आईनं डोळे उघडून स्पष्ट म्हटलं, "मुंगे, उभी राहून दमलीस. बस आता." ती बसली. त्यानंतर आई बोलली नाही. पाळकसाहेब आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच, बाईंचे शेवटचे शब्द काय होते. मंडळीत ते विचारतात. तिनं सांगितलं, उभी राहून दमलीस, बस आता. मुंगी तिनं गाळली. पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. हे शब्द बाई बोललेल्याच नाहीत, ते म्हणाले; हे प्रभू त्यांना म्हणाला, आणि त्यांनी फक्त मोठ्यानं ऐकलं. रविवारचं प्रवचन ह्याच वाक्यावर. दोन दिवसांनी तिनं फोन करून दुसरं एखादं वाक्य चालेल का असं सुचवून पाहिलं. प्रवचन तयार झालंय हो, पाळकसाहेब दुखावून म्हणाले.

आणि शनिवारी मापाची आली. शाळेकडून कोणी तरी येणार एवढंच ठरलं होतं. कोण येणार ते, "बाई तुझे झगे माझ्याच मापानं शिवायच्या," असं म्हणून फोनवर पलीकडच्या आवाजानं सांगितलं तेव्हा तिच्या हातातली पेन्सिल खाली पडली होती. आता त्या शाळेच्या मुख्याध्यापिका असलेल्या, अंगानं भरलेल्या, केस आखूड कापलेल्या बाई बसच्या पायरीवरून उतरल्या आणि दोघींचे डोळे एका पातळीवर आले. ना वर ना खाली. चेहरा दुसराच, अगदी दुसरा. पण डोळे नेमके तिथं. "तूच," मापाची म्हणाली. भाषा आपली, सुरेख, आणि सूर आईचा. घरी येताना खालच्या मजल्यावरच्यांचा कुत्रा जिन्यात आडवा झोपला होता. म्हातारा, दात पडलेला, तिच्या रोजच्या ओळखीचा. मापाचीनं बॅग खाली ठेवली, झटकन पुढं झाली, आणि हात आडवा धरून तिला भिंतीशी उभं केलं. "भिऊ नकोस," ती म्हणाली. "मी आहे. तू माझ्या मागून चल." ती गोंधळून तिच्या मागून चालली. पाहुण्या बाईंनाच भीती वाटत असेल, आणि सांगायची लाज, असं तिनं समजून घेतलं.

दुपारी दोघी आईच्या खोलीत बसल्या. बसायला दुसरी जागा होती, पण मापाची सरळ तिथंच गेली आणि पलंगाच्या कडेवर बसली. चहा झाला. शाळेत आता किती मुली, छपराचं काय झालं, आईनं लावलेली झाडं, सगळं विचारून झालं. मग मापाचीनं कप खाली ठेवला आणि विचारलं, बाई कशा गेल्या. तिला कळलं की हीच ती वेळ. उद्या ते वाक्य भरल्या चर्चमध्ये म्हटलं जाईल आणि ज्या माणसाचं ते आहे ते पहिल्या बाकावर बसलेलं असेल. तिनं सांगितलं. चमचा, औषध, सकाळ. आणि यावेळी काही गाळलं नाही. "मुंगे, म्हणाली. उभी राहून दमलीस. बस आता. मी लोकांना सांगताना तुझं नाव वगळलं. ते वाक्य तुझं आहे."

मापाची तिच्याकडे बघत राहिली. "माझं कसं?" ती म्हणाली. "मुंगी तर तू."

मग मापाचीनं सांगितलं ते थांबत थांबत. वर्गात बाई तिला तिच्या नावानं हाक मारत, आडनावासकट, सगळ्यांना मारत तशी. मुंगी ती फक्त मापाच्या संध्याकाळी होई. बाई खोलीचा पडदा ओढत, तिला स्टुलावर उभं करत, केस मोकळे सोडून भांग दुसरीकडून पाडत, आणि टेप हातात घेऊन बोलायला लागत. तिच्याशी नव्हे. "मला नवव्या वर्षीच कळलं, मी आता दुसरी कुणी तरी आहे. गप्प उभं राहायचं. हलले तर ओरडायच्या. आणि ओरडायच्या काय! वर्गात त्यांचा आवाज कधी चढला नाही. आम्हाला कुणालाच त्या कधी रागावल्या नाहीत, तुला ठाऊक आहे? सगळा राग त्या तुझ्यासाठी ठेवायच्या, आणि तू नव्हतीस, म्हणून तो मला." ती हसली. "तुझ्यापायी मी सतराचा पाढा तुमच्या भाषेत शिकले. अजून येतो. तू गणितात एवढी कच्ची, आणि पाढे पाठ करायचे मी."

"मी गणितात कच्ची नव्हते," ती म्हणाली.

"नव्हतीस कशी? दर वर्षी काठावर पास व्हायचीस. आणि कुत्र्यांना भ्यायचीस. कुत्रं चावलं होतं ना तुला, मांडीला? दूध बघितलं की पळून जायचीस. अंधारात जिना चढायची नाहीस. मावशीला उलट बोलायचीस. तुझा हिवाळ्यातला खोकला! तो खोकला ऐकून मी पार कंटाळले होते." मापाची बोटांवर मोजत गेली, आणि ती एकेकाला मान हलवत राहिली. नाही. नाही. ते कधी नव्हतं. दूध तिला आवडायचं. कुत्रं तिला कधी चावलं नाही. कुत्र्यांची भीती ही गोष्ट तिला आयुष्यात माहीतच नव्हती. काचा फोडल्या त्याचं काय, गोवराचं काय? ते मापाचीला ठाऊक नव्हतं. मापाचीचा आवाज आता मंदावला होता. "आणि झोपताना स्वतःच्या कानाची पाळी धरून झोपतेस," ती शेवटी म्हणाली, हेही पुसलं जाणार अशा तयारीनं.

ती मान हलवायची थांबली. हे तिच्या नवऱ्याला लग्नानंतर वर्षभरानं समजलं होतं. काल रात्रीही ती तशीच झोपली होती.

 खाली रस्त्यावर भंगारवाल्याची गाडी खडखडत गेली. तिला हळूहळू दिसत गेलं, आकडे बसत जावेत तसं, आणि बसलेले आकडे कधी कधी भयंकर असतात. मावशी कुशल लिहीत होती. मुलगी गुणी, त्रास नाही. आईच्या हाती एक चार वर्षांचं, कान धरून झोपणारं मूल उरलं होतं आणि त्यापुढं नुसता कोरा कागद. ज्या मुलीला ताप येत नाही, जी पडत नाही, जिच्यावर रागवायला जागा नाही, तिची आई व्हायचं कसं? तेव्हा आईनं ती मुलगी वाढवली. तिला खोकला दिला, कुत्रं चाववलं, गणितात काठावर ठेवलं. तिला एक नाव दिलं. अंगाला माप हवं म्हणून एकीला स्टुलावर उभं केलं. पाठ दिसावी म्हणून दुसरीला फळीवर. आणि एवढं सगळं करूनही ती मुलगी या दोघींपैकी कुणी नव्हती. ती पडद्याआड, टेपच्या वळणात, कुठल्याच देशात न राहता मोठी होत गेली होती. "तुला लहानपणी मुंगी म्हणत असतील," मापाची चाचरत म्हणाली. नाही, ती म्हणाली. बाळ म्हणायचे. मावशीनं शंभरदा सांगितलंय.

"मला त्यांनी कधी बस म्हटलं नाही," मापाची म्हणाली. "कधीच नाही. मी शाळेत शिकवायला लागले तरी मापाच्या संध्याकाळी बोलवायच्या. शिवायला कापड नसायचं हातात. नुसती टेप. पाय भरून यायचे माझे. पण मला वाटायचं, तिकडे तिला रोज मिळतंय, मला फक्त मापाच्या संध्याकाळी मिळतंय, तर उभं राहावं."

"मला काय रोज मिळतंय असं वाटायचं तुला?"

"त्यांचं लक्ष."

तिला हसू आलं. उद्या पाळकसाहेब ते वाक्य म्हणतील. चर्च ऐकेल. पहिल्या बाकावर दोघी शेजारी शेजारी बसतील आणि ते दोघींच्या मधून, कुणालाही न लागता निघून जाईल. तिनं मापाचीच्या हाताकडे पाहिलं. जाडसर, खडूनं कोरडी पडलेली बोटं. मधल्या बोटाला आईला होता तसाच, लिहून लिहून पडलेला घट्टा. काय मागावं हे तिला आधी कळलं नाही. कळल्यावर वयाची लाज वाटली, आणि तरी तिनं मागितलं.

"कशी रागवायची?" ती म्हणाली. "मला दाखव."

मापाची नको म्हणाली. ते काही दाखवण्यासारखं नाही, म्हणाली. बाई गेल्यात, उद्या उपासना व्हायचीय, शोभत नाही.  ती नुसती बसून राहिली, आणि ते तिचं बसून राहणं बघून मापाचीनं एक श्वास सोडला आणि पलंगावरून उठली. खिडकीपाशी गेली. पडदा ओढला. खोलीतला उजेड मातकट झाला. पाठमोरीच तिनं खांदे मागं घेतले, मान ताठ केली, आणि वळली तेव्हा तिचे डोळे बारीक झाले होते आणि खालचा ओठ डावीकडे किंचित दाबला गेला होता, काच उचलताना आईचा दाबला जाई तसा.

"सरळ बस," तो आवाज म्हणाला. "खांदे. मावशीला छळतेस ना? खोटं बोलू नकोस, मला इथं बसून सगळं दिसतं. इतकं पुष्कळ सांगून जरा तरी सुधारलीस? एवढी घोडी झालीस आणि साधा सतराचा पाढा येत नाही. उद्या मी नसले म्हणजे काय करशील? माझा इथं डोळ्याला डोळा लागत नाही तुझ्यापायी. मुली वाचत असतात पुढ्यात आणि मला एक अक्षर ऐकू येत नाही, तुझा खोकलाच ऐकू येतो. कळतं का तुला काही? मुळीच कळत नाही. म्हण. सतरा एके."

"सतरा एके सतरा," ती म्हणाली. "सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न."

 पडद्याच्या कडेनं आलेली उजेडाची रेघ जमिनीवरून पलंगाच्या पायापर्यंत गेली होती. आई तिच्यासमोर उभी होती, तिच्याचएवढी उंच, आणि वाट बघत होती, आणि त्या बारीक केलेल्या डोळ्यांत तिच्याखेरीज दुसरं कुणी नव्हतं.

"सतरा चोक..." ती म्हणाली. अडुसष्ट तिला समोर लख्ख दिसत होते. ती गप्प राहिली.

"पुन्हा," आई म्हणाली. "पहिल्यापासून."